मिरकरवाड्यातले डायनॅमोवाले चाचा: पाचपैकी चार तारे

एक तारा का कापला ते आधी सांगते. चाचा फोन उचलत नाहीत, कच्चं बिलसुद्धा मागितल्याशिवाय देत नाहीत आणि "अर्ध्या तासात येतो" म्हणाले की जेवण उरकून घ्यावं. शुक्रवारी दुपारपर्यंत तर जाऊच नका. बाकी सगळं चांगलं लिहिणार आहे.

आमची बोट लहान, तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन, बारा व्होल्टचं वायरिंग. दर्यात हे जातात, हिशेब आणि गॅरेजच्या फेऱ्या माझ्याकडे. गेल्या हंगामात बॅटरी सारखी बसायला लागली. रात्री जाळी टाकून दिवे, वायरलेस आणि फिश फाइंडर चालू ठेवले की पहाटे सेल्फ नुसता कण्हायचा. एकदा शेजारच्या बोटीची बॅटरी मागून आणून इंजिन चालू करावं लागलं, तेही वीस वाव पाण्यात.

बाजारातल्या एका दुकानात डायनॅमो दाखवला. (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो. अल्टरनेटर म्हणा हवं तर, बंदरावर सगळे डायनॅमोच म्हणतात.) चार्जिंगचा लाल दिवा इंजिन चालू झाल्यावर पूर्ण विझत नाही, अंधारात निखाऱ्यासारखा जेमतेम दिसतो, असं ह्यांनी सांगितलं. "डायोड गेले" (डायनॅमोतली वीज एकाच दिशेने बॅटरीकडे सोडणारे भाग) असा निकाल लागला. डायोड प्लेट बदलली, कार्बन बदलले, पुन्हा तेच. मग नवा डायनॅमो घ्यायला लावला, साडेनऊ हजार. पुन्हा तेच! दुकानात टेबलावर फिरवला की मात्र दोन्ही डायनॅमो ठणठणीत.

शेवटी जुना डायनॅमो मासळीच्या क्रेटमध्ये घालून, क्रेट स्कूटरवर बांधून चाचांकडे गेले. त्यांनी पुली हाताने फिरवली, आवाज ऐकला आणि म्हणाले, "वहिनी, हा परत घेऊन जा. मला बोट दाखवा." मला तिथेच माणूस पटला. डायनॅमो उघडायचे पैसे त्यांना आयते मिळत होते.

तीन बोटी ओलांडून आमच्या बोटीवर आले. आधी अंगठ्याने बेल्ट दाबून पाहिला, पुलीखाली बोट फिरवून काळी भुकटी पडते का बघितलं. नव्हती. मग इंजिन चालू, सगळे दिवे चालू, मीटर हातात. बॅटरीवर १२.५ व्होल्ट. डायनॅमोच्या मागच्या जाड बोल्टवर १४.३. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, कारण आतापर्यंत कोणी दोन्हीकडे मीटर लावलाच नव्हता. मग चाचांनी मीटरची एक पिन डायनॅमोच्या बोल्टवर आणि दुसरी बॅटरीच्या प्लसवर धरली: १.५. इंजिनच्या अंगावर आणि बॅटरीच्या मायनसवर: ०.३. म्हणजे जवळजवळ दोन व्होल्ट वाटेतच गळत होते.

"हात लावा," म्हणाले. मेन स्विचला जाणाऱ्या वायरचं टोक एवढं गरम होतं की मी बोट झटकन मागे घेतलं. इंजिन बंद करून, बॅटरी सोडवून त्यांनी तिथलं रबर ब्लेडने कापलं. आतलं तांबं हिरवंगार, वीतभर लांब, चिमटीत धरलं तर भुगा. बाहेरून वायर अगदी नव्यासारखी दिसत होती. थिंबल (वायरच्या टोकाला बसवलेली धातूची टोपी) आणि रबराच्या फटीतून खारं पाणी आत चढत जातं म्हणे.

नवा डायनॅमो घालूनही फरक का पडला नाही, तेही त्यांनी समजावलं. कटआउट, म्हणजे व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर, डायनॅमोच्या पोटातच असतो. त्याला स्वतःच्या तोंडाशी १४.३ दिसतात, तो समजतो काम झालं. बॅटरी उपाशी आहे हे त्याला कळणार कसं? लाल दिव्याचंही तेच. त्याच्या एका बाजूला डायनॅमो, दुसऱ्या बाजूला बॅटरी. दोन्हीकडे सारखे व्होल्ट आले तरच तो विझतो. आमच्याकडे दीड व्होल्टचा फरक, म्हणून निखारा. ज्याला सगळे डायोडचा दोष म्हणत होते तो वायरचा निघाला.

प्लस आणि मायनस दोन्ही वायरी ३५ स्क्वेअर मिलिमीटर जाडीच्या टाकल्या, थिंबल हातोडीने न ठोकता प्रेसने दाबले, वर आतून डिंक असलेली नळी तापवून बसवली. कलई केलेली वायर बोटीवर जास्त टिकते, पण ती त्यांच्याकडे नव्हती आणि मागवायला आम्हाला वेळ नव्हता. सामान-मजुरी मिळून ४,२०० झाले. नंतर बॅटरीवर १४.१ आले आणि रात्री मुद्दाम जाऊन पाहिलं, दिवा काळाठिक्कर.

जाता जाता आमच्या खलाशाला मात्र चांगलंच झापलं. इंजिन चालू असताना मेन स्विच बंद करायची त्याला सवय. "असं केलंस तर डायोड खरंच उडतील, मग मला बोलावू नकोस." तेव्हापासून त्या स्विचला तो हातच लावत नाही, बंद करायची वेळ आली तरी ह्यांनाच हाक मारतो.

साडेनऊ हजारांचा नवा डायनॅमो आता बोटीवर आहे आणि जुना, नवे कार्बन आणि नवी डायोड प्लेट घातलेला, जिन्याखाली गोणपाटात गुंडाळून पडलाय. ६५ अँपिअरचा आहे. बंदरावर कोणाला हवा असेल तर विचारा, भाव बघून घेऊ.