पाणी, मीठ की निळे औषध? आजारी गोल्डफिशसाठी काय निवडावे

मुलाचा गोल्डफिश खाईनासा झाला, तळाशी बसून राहू लागला किंवा पाण्याबाहेर तोंड काढून धापा टाकू लागला, की जळगाव-धुळ्याकडच्या घरात तीन सल्ले एकदमच येतात. शेजारी म्हणतात पाणी बदला, आजी म्हणते मीठ टाका, आणि मासे विकणारा दुकानदार निळ्या औषधाची बाटली पुढे करतो. तिन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर आहेत. परंतु ते एकाच दिवशी एकत्र अमलात आणले, तर मासा आजाराऐवजी उपचारानेच दगावू शकतो.

माझ्या मते पहिला मान पाण्याचा. गोल्डफिश खादाड असतो आणि त्याच्या शरीरातील अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात उतरतो. त्याचा निचरा करणारे उपयुक्त जीवाणू नव्या टाकीत तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे नुकत्याच आणलेल्या माशाचे दुखणे बहुतेक वेळा रोग नसून विषबाधा असते. आपल्याकडचे बोअरचे पाणी जड, आणि अनेकदा त्याचा सामू (पीएच) 8 च्या आसपास असतो. सामू 7 वरून 8 वर गेला, की अमोनियाच्या विषारी रूपाचे प्रमाण जवळजवळ दहापट होते, आणि उष्णतेने ते आणखी वाढते. म्हणून जी टाकी दिवाळीत निर्धोक असते, तीच मे महिन्यात घातक ठरू शकते.

मात्र पाणी बदलणे म्हणजे टाकी रिकामी करून, गोटे साबणाने घासून पुन्हा भरणे नव्हे. त्यात उपयुक्त जीवाणूही धुऊन जातात. रोज चौथा हिस्सा किंवा फार तर तिसरा हिस्सा पाणी काढून तेवढेच नवे घालणे, हे आजारी माशाला मानवते. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावांत हे अवघड वाटते खरे, परंतु पिंपात उघडे साठवलेले पाणी येथे उलट सोयीचेच पडते, कारण त्यातील क्लोरीन बव्हंशी उडून गेलेले असते. नुकतेच आलेले, टीसीएल पावडरचा (पाणी शुद्ध करण्याच्या क्लोरीनयुक्त पावडरचा) वास येणारे पाणी किमान एक दिवस उघड्या बादलीत ठेवावे. तुरटी फिरवलेले पाणी वापरू नये, आणि क्षार काढून टाकलेले आरओचे निव्वळ पाणीही नको. गच्चीवरच्या काळ्या टाकीतील पाणी उन्हाळ्यात दुपारी हाताला चटका देते, तेव्हा ते पहाटे भरून घरात निवू द्यावे.

येथेच उष्णतेचा विचार करायला हवा. गोल्डफिशला 18 ते 24 अंश सेल्सिअस तापमान मानवते, आणि भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात 44-45 अंशांवर जातो. पाणी तापले की त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी होतो, आणि माशाची गरज मात्र वाढते. अशा वेळी धापा टाकणाऱ्या माशाला कोणतेही औषध देण्यापूर्वी एअर पंप लावावा, टाकी खिडकीपासून दूर सरकवावी आणि गोठवलेल्या पाण्याची बंद बाटली तरंगत ठेवावी. बर्फ थेट पाण्यात टाकू नये. गोल बरणीत मासा ठेवणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच, की पसरट प्लॅस्टिकचा टब दिसायला गबाळा असला तरी हवेशी संपर्क अधिक असल्यामुळे माशाला तोच बरा.

मिठाचा उपाय स्वस्त आहे आणि बऱ्याच वेळा पुरेसाही होतो. परांवर किंवा अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले असतील, किंवा किरकोळ जखम असेल, तर एका लिटरला 1 ते 3 ग्रॅम या प्रमाणात साधे खडे मीठ आधी विरघळवून, एक-दोन दिवसांत टप्प्याटप्प्याने घालावे. मीठ पाण्याबरोबर उडून जात नाही, त्यामुळे पाणी बदलताना जेवढे काढले तेवढ्याच पाण्यापुरते ते पुन्हा घालायचे. ठिपक्यांचा परजीवी केवळ पाण्यात मोकळा पोहत असतानाच मरतो, म्हणून ठिपके दिसेनासे झाले तरी उपचार दहा-बारा दिवस चालू ठेवावा. (प्रजननकाळात नराच्या कल्ल्यांच्या झाकणांवर येणारे बारीक पांढरे उंचवटे हा आजार नव्हे.) अमोनियाच्या विषबाधेवर मात्र मीठ हा उपाय नाही, आणि टाकीतील बऱ्याच वनस्पतींना ते सोसत नाही.

निळे औषध, म्हणजे मेथिलीन ब्लू, कापसासारखी बुरशी चढली असेल तेव्हा उपयोगी पडते. परंतु ते उपयुक्त जीवाणूंनाही मारते आणि गाळणीपासून हातापर्यंत सगळे निळे करते, म्हणून ते मूळ टाकीत न घालता वेगळ्या टबात, बाटलीवरील मात्रेनुसारच द्यावे. माणसांच्या टेट्रासायक्लीनची कॅप्सूल फोडून पाण्यात टाकण्याची पद्धत मला मुळीच पटत नाही. जड पाण्यातील कॅल्शियम त्या औषधाला बांधून ठेवते आणि त्याचा प्रभाव फारसा उरत नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकाचा अनुभव प्रामुख्याने गाई-म्हशी व शेळ्यांचा असतो, तरीही माशाचा फोटो दाखवून विचारायला संकोच करू नये.

मासा उलटा किंवा तिरपा तरंगत असेल, तर या तिन्हींऐवजी दोन-तीन दिवस उपवास, आणि नंतर उकडून साल काढलेला मटारचा दाणा थोडाथोडा, एवढे आधी करून पाहावे. मुलाला या काळात बघ्याची भूमिका देऊ नये: बादलीतील पाणी किती निवले हे पाहणे, किती दाणे खाल्ले हे वहीत लिहिणे आणि नंतर साबणाने हात धुणे, ही कामे त्याची.

पोट फुगून खवले उभे राहिले असतील, तर आशा फार थोडी असते. तेव्हा रात्रीतून तसाच दुसरा मासा आणून ठेवायचा की मुलाला खरे सांगायचे, हा निर्णय उरतो. मी खरे सांगण्याच्या बाजूने आहे, कारण मुले शेपटीवरचा ठिपकासुद्धा लक्षात ठेवतात आणि मग त्यांच्या स्वतःच्या आजाराविषयी आपण सांगितलेलेही त्यांना पटेनासे होते. मासा जगला आणि सांभाळणे जमेनासे झाले, तरी त्याला जळगावच्या मेहरूण तलावात किंवा गिरणा नदीत सोडू नये. तो तेथील मूळचा मासा नाही, आणि त्याच्या अंगावरचा आजार तेथील माशांना लागू शकतो. त्यापेक्षा तो टाकीसह एखाद्या मासे पाळणाऱ्याला द्यावा.