राजारामपुरीतील इंग्रजी संभाषण वर्ग : तीन महिन्यांचा अनुभव

कोल्हापुरात राजारामपुरीतील एका इंग्रजी संभाषण वर्गात मी तीन महिने शिकलो. योद्धा या अर्थाच्या ‘नाइट’ शब्दाच्या आरंभी ‘के’ कशासाठी, हा शाळेपासून अडलेला प्रश्न तेथे प्रथमच कोणी गांभीर्याने घेतला. तो ‘के’ एके काळी खरोखर उच्चारला जात असे. 1476 च्या सुमारास विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये छापखाना सुरू केल्यानंतर शब्दांचे लेखन हळूहळू स्थिरावले, उच्चार मात्र बदलत राहिले, हे बाईंनी फळ्यावर उदाहरणे मांडून समजावले. 1066 मध्ये उत्तर फ्रान्समधील नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर इंग्रजीत फ्रेंच शब्दांचा ओघ सुरू झाला, त्यामुळे चरणारी मेंढी जुन्या इंग्रजीतली ‘शीप’ राहिली आणि आपल्या तांबड्या रश्श्याबरोबरचे ‘मटण’ मुळात फ्रेंचकडून आले, हे ऐकून मला फार आनंद झाला.

उणीव सरावात आहे. इंग्रजीतील ‘अ’ (a) आणि ‘द’ (the) यांसारखी उपपदे मराठीत नसल्याने आपण तेथेच अडखळतो. परंतु एका तुकडीत 40 जण असल्याने प्रत्येकाला बोलण्यास जेमतेम दोन मिनिटे मिळतात. तुकडी निम्मी केल्यास मी पुढील वर्गालाही आनंदाने प्रवेश घेईन.