जामोवीची ‘डिस्क्रिप्टिव्ज’ खिडकी: टेस्ट लावायच्या आधी गट बघून घ्या

प्रबंधाचा डेटा घेऊन माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “मॅडम, कोणती टेस्ट लावू?” मी आधी त्यांना विचारते, तुमच्या प्रत्येक गटात किती जण आहेत? कुठल्या गटाचे आकडे जास्त विखुरलेत? बहुतेकांनी ते बघितलेलंच नसतं. सगळ्या नमुन्याची मिळून एक सरासरी आणि एक प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) काढलेलं असतं, आणि तिथून थेट पी-व्हॅल्यूकडे, म्हणजे टेस्टच्या निकालाच्या आकड्याकडे धाव. गटांच्या आत डोकावायला मी गेली काही वर्षं जामोवी हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर वापरते. आज लिहितेय ते त्यातल्या एकाच खिडकीबद्दल.

जामोवी फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, आणि पडद्यामागे सगळी गणितं आर ही संख्याशास्त्राची प्रोग्रॅमिंग भाषा करते. आधी जॅस्प या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरवर काम केलेल्या मंडळींनी 2017 च्या सुमारास ते सुरू केलं. आरचा कोड लिहिता येत नसला तरी काही अडत नाही.

एक्सप्लोरेशन या मेनूमध्ये डिस्क्रिप्टिव्ज उघडलं की दोन रिकामे चौकोन दिसतात. वरच्यात मोजलेली गोष्ट टाकायची, खालच्यात, म्हणजे ‘स्प्लिट बाय’मध्ये, गट सांगणारा कॉलम टाकायचा. एवढंच. उजवीकडचा तक्ता त्याच क्षणी गटागटांत फुटतो: संख्या, गहाळ नोंदी, सरासरी, मध्यक, प्रमाण विचलन, किमान, कमाल. गहाळ नोंदी गटवार दिसतात याचं मोल मला फार वाटतं. एका गटातले नऊ जण मधेच गळाले आणि दुसऱ्यातला एकही नाही, हे एकूण आकड्यात कधीच कळत नाही.

सरावासाठी सॉफ्टवेअरसोबतच डेटा लायब्ररी येते. त्यातला टूथ ग्रोथ हा संच मी प्रत्येकाला उघडायला लावते. 60 गिनीपिग, क जीवनसत्त्व देण्याच्या दोन पद्धती (संत्र्याचा रस किंवा शुद्ध अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल), रोजच्या तीन मात्रा (अर्धा, एक आणि दोन मिलिग्रॅम), आणि मोजलेली आहे ती दात घडवणाऱ्या पेशींची लांबी. आधी नुसती पद्धत स्प्लिट बायमध्ये टाका. रसाची सरासरी 20.66, आम्लाची 16.96. रस सरस, असं म्हणून कुणीही वही मिटेल. आता मात्राही त्याच चौकोनात टाका. सहा गट होतात, प्रत्येकी दहा प्राणी. अर्ध्या मिलिग्रॅमला 13.23 विरुद्ध 7.98, म्हणजे फरक चांगलाच मोठा. दोन मिलिग्रॅमला मात्र 26.06 विरुद्ध 26.14! फरक गेला कुठे?

इथे थांबू नका. त्या दोन मिलिग्रॅमच्या गटांचे मध्यक बघा. दोन्हीकडे 25.95, अगदी दशांशापर्यंत सारखे. सरासरी सारखी, मध्यक तोच, तरी प्रमाण विचलन रसाचं 2.66 आणि आम्लाचं 4.80. आलेख काढला की डोळ्यांना लगेच दिसतं: रसाचे दहा ठिपके 22.4 ते 30.9 मध्ये दाटीवाटीने, आम्लाचे 18.5 पासून 33.9 पर्यंत पसरलेले. सरासरीचे नुसते खांब काढले असते तर दोन्ही खांब सारख्याच उंचीचे आले असते, आणि ही गोष्ट कायमची झाकली गेली असती.

आलेखांच्या भागात मला सगळ्यात आवडतं ते हे की बॉक्स प्लॉट (मधले निम्मे आकडे चौकटीत दाखवणारा), व्हायोलिन (आकडे कुठे दाट, कुठे विरळ ते रुंदीने दाखवणारा) आणि ‘डेटा’ (प्रत्येक नोंदीचा ठिपका) या तिन्ही खुणा एकत्र करता येतात आणि तिन्ही एकाच चित्रात एकमेकांवर चढतात. माझा आग्रह असा की गट लहान असेल तर ‘डेटा’ची खूण केलीच पाहिजे. दहा आकड्यांवरही व्हायोलिनचा आकार इतका गुळगुळीत येतो की बघणाऱ्याला शेकडो नोंदी असल्याचा भास होतो. ठिपके दिसले की खरं काय ते कळतं. शापिरो-विल्कचंही, म्हणजे आकडे ‘नॉर्मल’ (घंटेच्या आकाराच्या) वितरणात बसतात का ते बघणाऱ्या चाचणीचंही, तसंच. ती गटवार मिळते हे उत्तम, पण दहा जणांच्या गटात पी मोठा आला म्हणून ‘नॉर्मल आहे’ असं लिहून मोकळं होऊ नका. इतक्या कमी नोंदींत बिघाड पकडण्याची ताकदच त्या चाचणीत नसते.

आता मी या खिडकीकडे का वळले ते सांगते. पूर्वी मी पैसे मोजून घेतलेलं एक सॉफ्टवेअर वापरायचे. त्यात गट पाडण्याची आज्ञा एकदा दिली की ती सगळ्या फाइलला लागू व्हायची आणि आपण बंद करेपर्यंत चालूच राहायची. एका विद्यार्थिनीच्या कामात मी ती बंद करायला विसरले. पुढची सगळी सहसंबंधांची कोष्टकं स्त्री-पुरुष वेगवेगळी निघाली, आम्ही त्यातलं वरचंच कोष्टक एकूण नमुन्याचं समजून प्रकरणात घातलं. संख्येचा रकाना जुळेना तेव्हा लक्षात आलं. अख्खं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं, आणि तिची रडवेली मुद्रा मला अजून आठवते. जामोवीत स्प्लिट बाय त्या एका विश्लेषणापुरताच असतो. शेजारचं विश्लेषण त्याने हलत नाही. माझ्यासाठी एवढं एक कारण पुरेसं होतं.

नवख्यांची गाडी दोन ठिकाणी अडते. गटाचा कॉलम 1, 2, 3 असा आकड्यांत भरलेला असेल आणि जामोवीने तो ‘कंटिन्युअस’ (सलग मोजमापाचा) धरला असेल, तर स्प्लिट बाय तो घेत नाही. कॉलमच्या नावावर डबल क्लिक करून त्याला नॉमिनल (नुसती गटांची नावं) किंवा ऑर्डिनल (क्रम असलेले गट) करा. तिथेच बाणांनी गटांचा क्रमही बदलता येतो. नाहीतर ‘कमी, मध्यम, जास्त’ हे आलेखात भलत्याच क्रमाने उभे राहतात. तक्ता प्रबंधात चिकटवायचा असेल तर व्हेरिएबल्स ओळींत घेण्याचा पर्याय निवडा, मग एका गटाची एक ओळ मिळते.

आलेखाच्या रंगरूपावर बारीक हुकमत हवी असेल तर सरळ आरकडे जा. जामोवीची सिंटॅक्स मोड चालू केली की प्रत्येक निकालावर त्याचा आरमधला कोड दिसतो, तिथून सुरुवात करता येते.

परवाच एकाने बॉक्स प्लॉटमध्ये बाहेर पडलेल्या ठिपक्यांना लेबल लावण्याची खूण केली. नियंत्रण गटात वर एकटाच ठिपका, शेजारी 43. त्रेचाळिसाव्या ओळीचा कागदी फॉर्म त्याने पिशवीतून काढला. फॉर्मवर 18 होतं, संगणकात 81. त्याने आकडा दुरुस्त केला, तक्ता आणि आलेख तिथल्या तिथे बदलले, आणि मग तो स्वतःहूनच बाकीचे फॉर्म एकेक करून ताडून बघायला लागला.