पुढच्या झरोक्यांना जाळी असलेले सायकल हेल्मेट : उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंतच्या वापरानंतरचा अनुभव

पुण्यात नदीकाठच्या रस्त्याने कामावर सायकलने जाणाऱ्या आणि सुट्टीच्या दिवशी खडकवासला, पानशेत, सिंहगड या बाजूला फिरणाऱ्या कोणालाही हेल्मेटमध्ये शिरणाऱ्या किड्यांचा प्रश्न क्षुल्लक वाटणार नाही. मुळा-मुठेच्या काठी थंडी ओसरताना संध्याकाळी डासांसारख्या बारीक किड्यांचे थवेच्या थवे उठतात. फेब्रुवारी 2024 मध्ये केशवनगर-खराडीच्या बाजूला त्यांचे आकाशात चढलेले उंच खांब साऱ्या शहराने पाहिले. हे किडे चावत नाहीत, त्यामुळे त्यांचा त्रास डोळ्यांत आणि तोंडात जाण्यापुरताच असतो. खरी भीती मधमाशीची आहे. हेल्मेटच्या पुढच्या झरोक्यातून आत गेलेली माशी केसांत अडकते, तिला बाहेरची वाट सापडत नाही आणि ती डंख मारते. तिच्या नांगीला उलटे काटे असल्यामुळे नांगी विषाच्या पिशवीसह त्वचेतच रुतून राहते आणि विष पुढेही काही क्षण आत जात राहते. गांधीलमाशीची नांगी गुळगुळीत असल्यामुळे ती एकाच वेळी अनेकदा डंख मारू शकते. हे घाटाच्या उतारावर घडले, तर वेदनेहूनही मोठा धोका असा, की एक हात ब्रेकवरून सुटून डोक्याकडे जातो. मागच्या हिवाळ्यात मी हे अनुभवले आणि त्यानंतर हेल्मेट बदलायचे ठरवले.

दुकानात हेल्मेट पाहताना बहुतेक जण झरोके मोजतात. माझ्या मते ही मोजणी फारशी उपयोगाची नाही. वीस झरोके असूनही डोके तापणारी हेल्मेटे असतात आणि बारा झरोक्यांत उत्तम हवा खेळवणारीही असतात. महत्त्वाचे असते ते आतल्या बाजूचे काम. हेल्मेट उलटे करून पाहावे : कपाळापासून मागच्या टोकापर्यंत फोममध्ये खोल, सलग चर कोरलेले आहेत का, आणि त्या चरांच्या शेवटी हवा बाहेर पडण्यासाठी मोठे झरोके आहेत का. घरात समोरासमोर खिडक्या असल्याशिवाय वारा खेळत नाही, तसेच हे आहे. पुढे मोठी तोंडे आहेत पण चर उथळ आहेत किंवा पॅडनी बुजले आहेत, अशा हेल्मेटमध्ये हवा शिरते आणि तिथेच कोंडते.

मी घेतलेल्या हेल्मेटची जाळी फक्त पुढच्या झरोक्यांमागे, कपाळावरच्या पॅडला जोडलेली आहे. बाजूचे आणि मागचे झरोके पूर्ण मोकळे आहेत. सायकल वेगात असताना हवा पुढून आत येते आणि मागून बाहेर जाते, त्यामुळे किडाही जवळजवळ नेहमी पुढूनच शिरतो. सगळ्या झरोक्यांना जाळी लावलेले एक हेल्मेट मी दुकानात घालून पाहिले होते, पण मागे जाळी लावून किड्यांपासून मिळणारे जास्तीचे संरक्षण नगण्य आहे आणि हवेचा अडथळा मात्र खरा आहे. जाळीची भोके सुमारे दोन मिलिमीटरची आहेत. आग्या आणि सातेरी माशी सोडाच, त्यांच्याहून लहान असलेली फुलोरी माशीसुद्धा त्यातून जात नाही. नदीकाठची चिलटे मात्र काही प्रमाणात जातात. ती पूर्ण थांबवायची तर जाळी इतकी बारीक करावी लागेल, की झरोका असून नसल्यासारखा होईल.

या काळात जाळीची कसोटी वेगवेगळ्या ऋतूंत लागली. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी लवकर निघूनही परतीला ऊन चढलेले असे. सपाट रस्त्यावर वीस किलोमीटरच्या वेगाने जाताना जाळीमुळे फरक पडतो असे मला एकदाही जाणवले नाही. सिंहगडाच्या चढावर मात्र, जिथे वेग सात-आठपर्यंत उतरतो आणि वारा जवळजवळ नसतो, कपाळाजवळ किंचित कोंडल्यासारखे होते. तिथे हेल्मेट कोणतेही असले तरी हवा कमीच मिळते, पण जाळीचा वाटा त्यात नाही असे म्हणणे खरे होणार नाही. सुदैवाने या हेल्मेटबरोबर बिनजाळीचा दुसरा पॅड मिळाला होता, आणि चढावर कीटक डोक्यात शिरण्याइतका वेगही नसतो, म्हणून केवळ गडापर्यंत जायचे असले की मी तोच लावत असे. उतरण्यापूर्वी पॅड बदलायला एक मिनिटही लागत नाही.

पहिल्या पावसानंतर वाळवीची पंख फुटलेली पाखरे संध्याकाळी दिव्यांखाली उसळली, तेव्हा जाळीची किंमत पूर्ण कळली. घरी पोहोचल्यावर तिच्यावर तुटलेले पंख चिकटलेले दिसत, केसांत एकही नसे. भाद्रपदात पानशेतच्या रस्त्याकडेला तेरडा आणि सोनकी फुलली, की मधमाश्यांची ये-जा वाढते. त्या दिवसांत उतारावर माशी हेल्मेटवर आपटल्याचा आवाज अनेकदा आला, पण आत काही शिरले नाही. एका गोष्टीवर मात्र जाळीचा उपाय नाही. चहाला थांबल्यावर हेल्मेट झाडाखाली उलटे ठेवले, तर मुंग्या मोकळ्या तोंडातूनच आत जातात. ते हँडलला अडकवावे आणि घालण्यापूर्वी एकदा झटकावे.

हवा आणि जाळी यांच्या विचारात मूळ काम विसरले जाऊ नये. आपल्याकडे सायकलस्वाराला हेल्मेटची सक्ती नाही आणि आयएस 4151 हे मानक मोटारसायकलच्या हेल्मेटचे आहे, म्हणून आतल्या चिकटपट्टीवर युरोपचे ईएन 1078 किंवा अमेरिकेचे सीपीएससी असे लिहिलेले आहे ना, हे पाहून घ्यावे. ईएन 1078 च्या चाचणीत हेल्मेट सुमारे दीड मीटर उंचीवरून पडण्याइतक्या वेगाने सपाट लोखंडावर आपटतात आणि डोक्याच्या साच्याला बसणारा हिसका 250 जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या 250 पटीच्या) आत राहावा लागतो. तिरकस आपटल्यावर डोक्याला बसणारा पीळ कमी करणारा मिप्सचा सरकता थर हवा असेल, तर त्याची भोके झरोक्यांशी जुळतात का तेही तपासावे, कारण काही हेल्मेटांत हाच थर हवेचे चर झाकतो.

जुन्या हेल्मेटला मच्छरदाणीचा तुकडा चिकटवण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो गोंदाने चिकटवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. आतला ईपीएस फोम थर्मोकोलच्याच जातीचा असतो आणि पुष्कळ गोंदांमधील द्रावकाने तो विरघळतो. वरून काही दिसत नाही, पण धक्का शोषण्याची त्याची ताकद तेवढ्या जागी जाते. तुकडा लावायचाच असेल तर पॅडला शिवावा.

निगा सोपी आहे. घामातील मीठ आणि रस्त्यावरची धूळ मिळून जाळीवर पापुद्रा धरतो आणि उन्हाळ्यात दोन आठवड्यांत हवा कमी झाल्याचे जाणवते. पॅड काढून कोमट पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवावा आणि सावलीत वाळवावा. पावसाळ्यात तो रात्रभरात वाळत नाही, तेव्हा दोन पॅड असण्याचा पुन्हा उपयोग होतो. इतक्या धुण्यांनंतर माझ्या जाळीचा डावा कोपरा शिवणीतून सुटू लागला आहे. मी तो बारीक टाके घालून पक्का केला, परंतु विक्रेत्याकडे जाळीचा पॅड सुटा मिळत नाही. म्हणून याच प्रकारचे हेल्मेट घेणाऱ्यांनी पैसे देण्यापूर्वी सुट्या पॅडची चौकशी करावी आणि मिळत असेल तर एक जास्तीचा तेव्हाच घेऊन ठेवावा.