मॅडम, रात्री दोन वाजता तुम्ही ऑफिसात होतात का?

मी नाशिकला अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्स बघते. चार पैसे शेअर्समध्ये घातलेत, त्यामुळे सकाळी सव्वानऊला बाजार उघडला की जीव थाऱ्यावर नसतो. ऑफिसच्या फायरवॉलने, म्हणजे इंटरनेटच्या दारावरच्या पहारेकऱ्याने, ब्रोकरची साइट बंद केलेली. मोबाइलवर बघावं, तर शेडच्या पत्र्याखाली रेंजचा आनंदच, शिवाय टेबलावर मोबाइल दिसला की साहेबांच्या कपाळाला आठी.

गेल्या दिवाळीनंतर टेलिग्रामवरच्या शेअर टिप्सच्या एका ग्रुपवर व्हीपीएनची जाहिरात आली, म्हणजे आपलं इंटरनेट दुसऱ्याच्या सर्व्हरमधून झाकून नेणाऱ्या ॲपची. लाइफटाइम प्रीमियम व्हीपीएन, फक्त 599 रुपये, मुंबईचा सर्व्हर, कसलीही नोंद ठेवत नाही, ऑफिसला पत्ता लागणार नाही. क्यूआर स्कॅन केला, लिंक आली. सोबत व्हॉइस मेसेज: "ताई, इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस दोन मिनिटं बंद करा, नाहीतर उगाच ओरडतो." मी केला बंद. टॅलीच्या अपडेटसाठी माझ्या मशीनला ॲडमिनचे हक्क दिलेले होते, म्हणून कुणाला विचारायचीही वेळ आली नाही. विचारावं लागलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

महिनाभर मजेत गेला. सकाळी ब्रोकरची साइट उघडायची, भाव बघायचे, व्हीपीएनचं बटण बंद करायचं आणि व्हाउचर मारायला बसायचं. मशीन मात्र मी कधी बंद करत नसे, रात्री टॅलीचा बॅकअप चालतो म्हणून.

मग ऑफिसात एक गंमत सुरू झाली. गुगलवर कुणी काहीही शोधलं की 'मी रोबो नाही' येई. आधी दिवसातून एकदा, मग दर दोन मिनिटांनी. बस असलेली चित्रं निवडा, सिग्नल निवडा, झेब्रा क्रॉसिंग निवडा. स्टोअरचे काका निवृत्तीला आलेले, बेअरिंगचा एक नंबर शोधायला त्यांना तीनदा बसेस मोजाव्या लागल्या. "अहो, मी एसटीत नोकरीला लागलोय का?" असं ते मोठ्याने म्हणाले तेव्हा सगळे हसले. मीही हसले.

आठवड्याभरात ग्राहकांना पाठवलेले मेल परत यायला लागले. आमचा मेल सर्व्हर ऑफिसातच आहे, आणि आमचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आमचा नंबर, स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत गेला होता. डिस्पॅचची बिलं अडकली. आमच्या कॉम्प्युटरच्या देखभालीचं कंत्राट ज्यांच्याकडे आहे ते गृहस्थ आले, फायरवॉलचे लॉग, म्हणजे कुठलं मशीन कधी कुठे जोडलं गेलं याच्या नोंदी, उघडून तासभर बसले, आणि मग माझ्या टेबलापाशी येऊन शांतपणे विचारलं, "मॅडम, काल रात्री दोन वाजता तुम्ही ऑफिसात होतात का?"

त्यांनी माझ्या स्क्रीनवर रिसोर्स मॉनिटर उघडला, कुठला प्रोग्राम कुणाशी जोडलाय ते त्यात दिसतं. व्हीपीएनचं बटण बंद, ॲप बंद, तरीही त्याच नावाची एक सर्व्हिस, म्हणजे न दिसता चालणारा प्रोग्राम, मागे चालू, आणि खाली कनेक्शनची यादी सरसर सरकतेय. कुठकुठले पत्ते. मी बघत होते, काहीच क्लिक करत नव्हते, आणि माझं मशीन जगभर बोलत होतं. माझ्यासमोर त्यांनी ॲप अनइन्स्टॉल केलं. सर्व्हिस तशीच राहिली.

प्रकार असा होता: मी ऑफिसपासून लपतेय असं मला वाटत होतं, प्रत्यक्षात त्या लोकांनी आमच्या ऑफिसचं इंटरनेट परक्यांना भाड्याने दिलं होतं. कोण कुठला माणूस आमच्या आयपीवरून स्पॅम पाठवणार, खोटी खाती उघडणार, पासवर्ड लावून बघणार, आणि नाव लागणार आमचं. हे काही माझ्या एकटीच्या बाबतीत घडलेलं नाही. 2024च्या मे महिन्यात अमेरिकेच्या न्याय विभागाने '911 एस5' नावाचं असंच जाळं उद्ध्वस्त केल्याचं जाहीर केलं. त्यात 1 कोटी 90 लाखांहून जास्त आयपी पत्ते अडकले होते, आणि ते पसरवलं होतं मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन अशा फुकट व्हीपीएनमधून. बिचाऱ्यांना वाटत होतं आपण सुरक्षित झालोय.

आणि ऑफिसला पत्ता लागणार नाही, हेही खोटंच. मी कोणती साइट बघतेय ते फायरवॉलला दिसत नव्हतं, पण या मशीनवरून एकाच परदेशी पत्त्याकडे रोज सकाळी सगळा डेटा जातोय, हे पहिल्या दिवसापासून लॉगमध्ये होतं. कुणी उघडून बघितलं नव्हतं, एवढंच.

जाहिरातीतच खोट होती, मला कळली नाही. सर्ट-इनने, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, 2022च्या एप्रिलमध्ये नियम काढला, की भारतात व्हीपीएन पुरवणाऱ्याने ग्राहकाचं नाव, पत्ता, आयपी यांची नोंद 5 वर्षं ठेवायची. तो नको म्हणून मोठमोठ्या कंपन्यांनी आपले सर्व्हर इथून उचलले. आणि हा टेलिग्रामवरचा भाऊ म्हणतो मुंबईचा सर्व्हर आणि नोंद काही नाही, तेही 599 रुपयांत आयुष्यभर! रोज व्हाउचर तपासणाऱ्या बाईला हा हिशेब जुळत नाही हे दिसू नये, याची लाज अजून वाटते.

एक गोष्ट मात्र जास्त टोचते. माझ्या खासगी ईमेलला 'नेदरलँड्समधून लॉगिन' अशा सूचना येत होत्या. व्हीपीएन आहे, तर असं येणारच, म्हणून मी त्या पुसत गेले. नंतर तारखा जुळवल्या. त्यातली एक रविवारची होती, आणि त्या वेळी मी सिन्नरला पुतणीच्या हळदीत होते. ब्रोकरचं खातं वाचलं ते ओटीपीमुळे, माझ्या हुशारीमुळे नाही.

मशीन फॉरमॅट झालं. बँक, जीएसटी, टीडीएस, पीएफ, सगळे पासवर्ड बदलले, तेही विसाव्या तारखेच्या तोंडावर, जीएसटीचा 3बी रिटर्न भरायचा असताना. काळ्या यादीतून आयपी बाहेर यायला पाच दिवस गेले. घाईत फॉरमॅट केल्यामुळे पुरावाही गेला. सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार केली तेव्हा हातात यूपीआयची पावती तेवढी होती, व्हॉइस मेसेज त्याने दोन्हीकडून डिलीट केला होता. तुमच्यावर वेळ आली तर आधी मशीनची नेटवर्कची वायर काढा, स्क्रीनचे फोटो घ्या, आणि फॉरमॅटचं मग बघा. पैसे जास्त गेले असतील तर लगेच 1930ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन.

साहेबांना मी स्वतःच जाऊन सांगितलं. ते ओरडले नाहीत. मेमो दिला, ॲडमिनचे हक्क काढले, आणि यंदाची पगारवाढ नंतर बघू म्हणाले. भाव मी आता जेवणाच्या सुट्टीत गेटबाहेर उभी राहून मोबाइलवर बघते. तिथून येताना स्टोअरवरून जावं लागतं, आणि काका रोज न चुकता विचारतात, "काय मॅडम, आज किती बसेस?"