डाव्या हाताला वळण लावायचंय: वहीपासून की माऊसपासून?

डाव्या हाताला कामाला लावायचं ठरवलंय पण सुरुवात कुठून करू, असं ज्यांना झालंय त्यांच्यासाठी हे. मी दोन्ही करून बसलोय. (डावखुऱ्यांनी सगळं उलटून वाचावं.)

बहुतेक जण वही उघडतात, मीपण उघडली. साहजिकच आहे म्हणा, १९७१ साली ओल्डफिल्ड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने माणूस किती उजवा किती डावा हे बघायला दहा कामांची यादी केली, तिच्यातही पहिलं लिहिणंच आहे. रोज रात्री पंधरा मिनिटं बसायचो. वहीची जमेची बाजू म्हणजे प्रगती दिसते, पहिलं पान आणि महिन्याभराने लिहिलेलं पान शेजारी ठेवलं की जरा कॉलर ताठ होते. शिवाय मजेशीर गोष्टी कळतात. शिरोरेघच घ्या. उजव्या हाताने आपण पेन ओढत नेतो, डाव्याने तीच रेघ डावीकडून उजवीकडे न्यायला गेलं की पेन ढकललं जातं आणि टोक कागदात रुततं, शेवटी मी ती उजवीकडून डावीकडे ओढायला लागलो तेव्हा कुठे सरळ आली.

पण माझं बिनसलं ते उजव्या हाताच्या लुडबुडीने. एकदा फोनवर समोरचा नंबर सांगत होता, वही उघडीच होती, पेनही डाव्या हातात, आणि तिसऱ्या आकड्याला ते उजव्या हातात कधी गेलं मला कळलंच नाही. या हाताचं त्या हाताला कळू देऊ नये म्हणतात ना, तसं. आणि हे एकदा नाही, जरा घाई असली की दरवेळी. उजवा हात शेजारी रिकामा बसलेला, त्याला ते काम चांगलं येतंय, तो कशाला थांबेल? म्हणजे महिनाभर जे शिकलो ते त्या पंधरा मिनिटांपुरतंच राहिलं. दात घासतानाही तेच, नुसता ब्रश डाव्या हातात दिला तर आधी तो जागेवर राहतो आणि मानच इकडेतिकडे हलते (आरशात बघा, हसू येईल), आणि उशीर होत असला की परत उजवा हात पुढे.

माऊसचं तसं झालं नाही. कारण अगदी साधं आहे, माऊस डावीकडे गेला की उजव्या हातात पेन येतं, त्याला स्वतःचं काम मिळतं, मग तो मध्ये पडत नाही. स्क्रीनवर बघत बघत कागदावर टिपून घ्यायचं असेल तर दरवेळी माऊस सोडा, पेन धरा, पेन ठेवा, ही कटकटच संपली.

पहिले तीन-चार दिवस वैतागाचे होते, खोटं कशाला बोलू. क्लिक लवकर जमतं, ड्रॅग जमत नाही. एक अख्खा फोल्डर माझ्या हातून भलत्याच फोल्डरमध्ये जाऊन पडला आणि अर्धा तास शोधत बसलो. बटणं मी बदलली नाहीत, मधल्या बोटाने क्लिक करतो, कारण कॉम्प्युटर दुसरेही वापरतात. एकट्याचा असेल तर बदलायला हरकत नाही. फक्त उजव्या हाताच्या आकाराचा, अंगठ्याला खाच असलेला माऊस नको, दोन्हीकडून सारखा असलेला घ्या. आणि डावा हात अगदीच कोरा नसतो, एका हाताला दिलेली तालीम थोडीफार दुसऱ्यातही उतरते हे १८९४ सालीच येल विद्यापीठात दिसून आलंय. दोनेक आठवड्यांत माऊस कुठल्या हातात आहे याकडे माझं लक्ष जाईनासं झालं.

आता हे सगळं माझ्यापुरतं. उजव्या हाताचं ऑपरेशन वगैरे ठरलेलं असेल आणि पुढे सही-बिही करावी लागणार असेल तर वहीला पर्याय नाही, आजच बसा. कुणाला शांतपणे अक्षर गिरवत बसायला आवडत असेल तरी वहीच बरी. पण मला आज परत सुरुवात करायची असती तर वही तिसऱ्या-चौथ्या नंबरवर गेली असती, माऊसनंतर आणि कुलपाच्या किल्लीनंतर, कारण उजव्या हातात पिशवी असली की किल्ली आपोआप डावीकडेच येते.

कात्रीच्या वाटेला मात्र जाऊ नका. उजव्यांची कात्री डाव्या हातात दाबली की पाती एकमेकांपासून लांब जातात, कागद कापायच्या ऐवजी मध्येच दुमडतो आणि दोष बिचाऱ्या हाताला जातो.