गुरूचा अमोनिया: जमिनीवरून मोजावा की जवळ जाऊन?

जुलैत वरळीच्या नेहरू तारांगणाबाहेर उभं राहिलं, तर गुरू आकाशात असूनही ढगच दिसतात. दुर्बिणीतून गुरू दिसतो, तेव्हाही आपण त्याचे ढगच पाहत असतो! काही सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी मात्र दोन्हीकडचे ढग पार करतात. गुरूच्या खालच्या उष्ण थरांतून त्या निघतात, वाटेत अमोनिया त्यांना शोषतो. तो जिथे कमी, तिथे खोलवरची उष्णता दिसते आणि तो भाग उजळतो.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या व्हीएलए या रेडिओ दुर्बिणीच्या 27 अँटेना अख्ख्या ग्रहाचा नकाशा काढतात, तोही वर्षानुवर्षं. अडचण लांब लहरींची. गुरूच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेले वेगवान इलेक्ट्रॉन स्वतःच रेडिओ लहरी फेकतात आणि वातावरणाचा संकेत त्यात बुडतो. कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेने पुणे जिल्ह्यात खोडदला उभारलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला गुरूभोवतीचे या इलेक्ट्रॉनांचे पट्टेच झळकताना दिसतात.

2016 मध्ये गुरूजवळ पोचलेलं नासाचं जुनो यान या पट्ट्यांच्या आतल्या बाजूने, ढगांना लगटून जातं. त्याचा रेडिओमीटर, म्हणजे रेडिओ लहरींची तीव्रता मोजणारं उपकरण, 50 सेंटिमीटरपर्यंतच्या सहा लहरी मोजतो, म्हणून शेकडो किलोमीटर खोल पाहतो. ढगांखाली सगळं एकजीव मिसळलेलं असणार, ही समजूत त्याने मोडली. विषुववृत्ताजवळ अमोनिया भरपूर, इतरत्र खोलवर टंचाई! पण एका फेरीत हाती लागते ग्रहाची एक अरुंद पट्टी.

खोलीसाठी माझं मत जुनोला. नेपच्यूनजवळ मात्र असा रेडिओमीटर अजून गेलेलाच नाही, तिथे भिस्त जमिनीवरच्या अँटेनांवरच.